चावी फिरवण्याआधी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीतल्या आमच्या चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून स्वतःचं कौतुक ऐकत होतो. रविवारची उपासना नुकतीच संपली होती. आजाऱ्यांसाठीची प्रार्थना त्या दिवशी माझ्याकडे होती आणि ती, नेहमीप्रमाणे, चांगली झाली होती. "सर, डोळ्यांत पाणी आणलंत," असं एक बाई म्हणत होत्या, मी "छे छे, सगळी त्याची कृपा" म्हणत मान हलवत होतो, आणि खिशातला फोन थरथरत होता. अक्काचा होता. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दाजी तिचे यजमान. ती रडत नव्हती. "मगाशीच गेले रे," एवढंच म्हणाली. मगाशी म्हणजे कधी, ते मी विचारलं, तिनं सांगितलं, आणि मी मनातल्या मनात ताडून पाहिलं... मी मंडळीपुढं उभा राहून, आवाजाला योग्य तिथं कंप देत, त्यांच्यासाठी आरोग्य मागत होतो तेव्हा ते गेलेले होते. हे काही माझ्या हातात नव्हतं, हे मला कळतं. तरी त्या दिवसापासून जी लाज मागं लागली आहे, ती हे लिहितानाही शेजारी येऊन बसली आहे.

दाजी मूळचे मेढ्याकडचे, डोंगरातल्या एका वाडीतले. घर आजोबांपासून ख्रिस्ती. पण चर्च लांब, पाळक म्हणजे धर्मगुरू कधीतरी येणार, त्यामुळे त्या घरातली प्रार्थना कुणी शिकवलेली नव्हती. परसातल्या भोपळ्यासारखी ती आपली आपण वाढली होती. तरुणपणी ते तासगावला आले आणि बेदाण्याच्या दलालीत शिरले. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला दाखवायचा, दोघांशी भांडायचं आणि दोघांनाही चहा पाजायचा, असं ते स्वतःच्या धंद्याचं वर्णन करत. आवाज असा की ते फोनवर बोलायला लागले की फोनची गरज काय, असं वाटावं. मटण स्वतः जाऊन निवडायचे, पत्त्यांत सर्रास लबाडी करायचे आणि पकडले गेले की उलट आपल्यावरच डाफरायचे. ते संत वगैरे नव्हते हे आधीच सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे माणूस गेला की लगेच संत होतो, आणि दाजींना ते मुळीच आवडलं नसतं.

आमचे वडील पाळक होते. दाजी अक्काला बघायला आले तेव्हा मी कॉलेजात होतो. जेवायला बसताना वडिलांनी रिवाजाप्रमाणे पाहुण्यांना प्रार्थना करायला सांगितली. आमच्या घरी प्रार्थना म्हणजे शुद्ध, रेखीव, 'हे दयाळू व कृपाळू स्वर्गीय पित्या' अशी सुरू होणारी. दाजींनी डोळे मिटले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "देवा, आलोय बग सांगलीला. जेवाण बरं दिसतंय. पोरगी बी बरी हाय. तिला मी बरा वाटतोय का ते तुलाच ठावं. आमेन." स्वयंपाकघरात अक्काला हसू फुटलं. वडीलही हसले, आणि नंतर आईला म्हणाले, "या माणसाला होकार द्यायला हरकत नाही." मी मात्र ताटाकडे बघत बसलो होतो. कान गरम झाले होते. हा माणूस आता आमच्या चर्चमध्ये येणार, लोकांसमोर असं बोलणार... मला आधीच लाज वाटत होती.

तसं झालंही. पुढं मी हायस्कुलात मराठीचा शिक्षक झालो आणि वडिलांच्या पश्चात मंडळीत प्रार्थना म्हटलं की लोकांना माझं नाव आठवू लागलं. नवं घर, साखरपुडा, दहावीची परीक्षा, कुणाचं ऑपरेशन, प्रत्येक ठिकाणी सर हवेत. महापुरात आम्ही शाळेच्या वर्गांमध्ये राहिलो तेव्हा मी रोज सकाळी प्रार्थना केली, आणि त्या दिवसांत लोकांना धीर आला असं लोक सांगतात. कोरोनात तर फोनवरून केल्या. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. चांगलं वाक्य सुचलं की मी ते पुढच्या वेळेसाठी मनात राखून ठेवायचो. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, हे मला वर्गात शिकवण्याइतकं नीट ठाऊक होतं. आणि सुगीच्या उपासनेला दाजी तासगावहून बेदाण्याची पेटी घेऊन यायचे, कुणीही उठून करावी अशा खुल्या प्रार्थनेच्या वेळी हमखास उठायचे आणि सुरू व्हायचे, "देवा, औंदा पाऊस आवर बाबा. मागल्या साली बी सांगितलं हुतं, तू ऐकलं न्हाईस. आता तरी ध्यान दे." मागच्या बाकांवर खसखस पिकायची. एकदा घरी आल्यावर मी त्यांना म्हणालोच, "आवं दाजी, देवाशी असं बोलतात का?"

"मग कसं बोलत्यात? तुझ्यावानी?" ते पायांतल्या चपला भिरकावत म्हणाले. "तू तर सायबाला अर्ज देतोस, मास्तर. कृपा करून अमुक, विनंती की तमुक. त्यो वाचंपातूर माणूस मरंल की रं."

मी हसण्यावारी नेलं. मनात म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय.

त्यांची एक जुनी जीप होती. तिच्यात बसलं की लगेच निघणं नाही. चावी लावायची, पण फिरवायची नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे उघडेच, समोर बघत म्हणायचे, "देवा, आज कुणाकडं जाऊ?" मग जरा वेळ गप्प. शेजारी अक्का असली तर ती पदर डोक्यावर घेऊन बसायची. मग ते चावी फिरवायचे आणि निघायचे. मला सांगलीची एस.टी. गाठायची असली की हा प्रकार असह्य व्हायचा. बरं, त्यांचा अंदाज नेहमी बरोबर यायचा असंही नाही. एकदा असेच देवाला विचारून एका बागायतदाराकडे गेले, तर त्याचं आदल्या दिवशीच भावाशी वाजलेलं. त्यानं यांच्यावर कुत्रं सोडलं. फाटलेलं धोतर घेऊन परत आले आणि म्हणाले, "त्यो बरोबरच बोलला असंल. माझ्या ऐकण्यात चुकलं." ह्या माणसाच्या श्रद्धेत अशी फाटायला जागा होती. माझ्या श्रद्धेला कधी कुत्रं चावलं नव्हतं, कारण ती कधी घराबाहेर पडलीच नव्हती.

एका वर्षी बेदाणा जाळ्यांवर वाळत पडलेला असताना अवकाळी पाऊस आला आणि थांबेचना. शेडवर कागद टाका, ताडपत्री टाका, वाऱ्यानं सगळं उडत होतं. माल काळा पडला. तासगावात कुणाच्या तोंडावर रया राहिली नव्हती, आणि दाजींचंही सगळं त्या मालावरच होतं. अक्काचा फोन आला म्हणून मी धीर द्यायला गेलो, येताना एस.टी.त चार चांगली वाक्यंही जुळवली होती. दाजी घरात नव्हते, जीपमध्ये बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. टपावर पाऊस वाजत होता. मी माझं पहिलं वाक्य काढणार, तेवढ्यात ते समोरच्या काचेकडे बघून ओरडले, "काय केलंस रं हे? आं? काय केलंस?" मला वाटलं मलाच म्हणताहेत. मग त्यांचे डोळे भरले. शेवटी नाक पुसून, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "बरं. आता कुणाकडं जाऊ ते तरी सांग."

आणि चावी फिरवली. दिवसभर आम्ही शेडाशेडांवर फिरलो. त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं, सांगायलाही नव्हतं. जायचे, काळा पडलेला बेदाणा मुठीत घेऊन बघायचे, शेतकऱ्याच्या शेजारी उकिडवे बसायचे, चहा प्यायचे, उठायचे. एका म्हाताऱ्यानं त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही. परतताना मी विचारलं, "दाजी, देवानं खरंच सांगितलं का, कुठं जायचं ते?" ते म्हणाले, "न्हाई सांगितलं तर गाडी घरातच ऱ्हाती की रं. कुठंतरी जा म्हनतोच त्यो." पुढं ते सावरले, बाजारात पुन्हा आवाज घुमू लागला. मी जुळवलेली ती चार वाक्यं मी पुढच्याच महिन्यात एका अंत्यविधीला वापरली.

आता शेवटच्या भेटीचं. ते सांगितल्याशिवाय बाकीचं सगळं सांगून उपयोग नाही.

दाजींचं यकृत गेलं होतं. सांगलीतल्या दवाखान्यात होते, वजन निम्म्यावर आलेलं, आवाज तर इतका बारीक की मला आधी वाटलं दुसरंच कुणी बोलतंय. अक्का औषध आणायला खाली गेली होती. ते म्हणाले, "मास्तर, प्रार्थना कर रं." इतक्या वर्षांत त्यांनी मला असं कधीच सांगितलं नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि सुरुवात केली. चांगली झाली. फार चांगली झाली. त्याच्या अगाध प्रेमापासून ते त्याच्या पंखांच्या छायेपर्यंत सगळं आलं. पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोनं हात जोडलेले मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसले. सलाईन बदलायला आलेली सिस्टर दारात थांबली. आणि हेही लिहितोच: ती थांबलेली पाहिल्यावर मी आवाज थोडा वाढवला.

आमेन म्हटलं. दाजींनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मग सिस्टरकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"कुणाशी बोलत हुतास रं?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो झेललाही असता. ते खरोखर विचारत होते, गर्दीत आपलं माणूस शोधावं तसे. मी म्हणालो, "देवाशी, दाजी."

"आसं व्हय..." ते म्हणाले, आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग तसेच म्हणाले, "मला भ्या वाटतंय रं. ते तेवढं सांगायचं ऱ्हायलं बग."

मी काय करावं? वाकून, त्यांच्या कानाशी, एवढं एक वाक्य म्हणायला काय लागत होतं? पण ती बाई बघत होती, सिस्टर होती, आणि मला माझ्याच आवाजाचा संकोच वाटला. वाक्यात नीट न बसवता, असंच उघडंवाघडं देवाला काही सांगायची मला सवयच नव्हती. मी त्यांचा हात थोपटला आणि म्हणालो, "रविवारी सांगतो, दाजी. सगळ्या मंडळीला घेऊन सांगतो." आणि रविवारी मी काय मागितलं? 'शारीरिक व्याधीतून मुक्तता.' भीतीचा शब्दसुद्धा काढला नाही. इतका जुना विश्वासणारा माणूस, त्याला भीती वाटते असं चारचौघांत कसं म्हणायचं... त्यांची अब्रू राखतोय, असं मी स्वतःला सांगितलं. राखली ती माझ्या प्रार्थनेची.

दफन मेढ्याला झालं, त्यांच्या इच्छेप्रमाणे, आईवडिलांशेजारी. कबरीपाशी प्रार्थना मीच केली. तीही चांगली झाली. वाडीतली माणसं म्हणाली, "मास्तर, लय भारी बोललासा." त्यानंतर मी प्रार्थना करणं सोडून दिलं. घसा बसलाय म्हणून सांगतो. मंडळीतले लोक मध आणून देतात, ज्येष्ठमध आणून देतात, आणि मी ते घेतो.

गेल्या आठवड्यात अक्काला कबरीवर फुलं घेऊन जायचं होतं. लेक परदेशात, न्यायला मीच. मी माझी छोटी गाडी घेऊन तासगावला गेलो, तर ती दारातल्या जीपमध्ये जाऊन बसलेली, मांडीवर शेवंतीची पिशवी. "ह्यांच्याच गाडीतनं जायचं," म्हणाली. अक्काशी वाद घालायची सोय लहानपणापासूनच नाही. मी चढलो. आत अजून बेदाण्याचा वास होता, स्टिअरिंगवरचं रेक्झिन त्यांचे हात असायचे तिथं गुळगुळीत झालेलं. मी चावी लावली आणि फिरवणार, तर अक्कानं पदर डोक्यावर घेतला.

आणि समोर बघत बसून राहिली.

मी म्हणालो, "अक्का, माझा घसा..." तिनं पदर आणखी पुढं ओढला. तिला घशाचं खरं कळलेलं असावं, लहानपणीही कळायचं. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. आयुष्यभर साठवलेली वाक्यं होती ना, त्यांतलं एकही पुढं येईना. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत मी तसाच बसून होतो. अक्का थांबली होती. तिला दाजींबरोबर थांबायची सवय होती.

"देवा," मी म्हणालो. आवाज फाटकाच आला. "मला ही गाडी नीट येत नाही. पुढं डोंगरातला रस्ता आहे, आणि शेजारी अक्का आहे." मग पुढचं येईना. मग आलं. "दाजींना भीती वाटत होती. त्यांनी मला सांगायला सांगितलं होतं. ते तेवढं... राहिलं होतं."

अक्कानं तोंड खिडकीकडे वळवलं. ही गोष्ट मी तिला सांगितलेली नव्हती. तिचे खांदे हलत होते, आणि मला रुमालही सापडेना. बऱ्याच वेळानं तिनं पदरानंच डोळे पुसले, पदर खाली घेतला आणि पिशवी नीट मांडीवर धरली.

"आमेन," ती म्हणाली. "आता हँडब्रेक काढ आदी."