मुक्ताचं कन्नड

रविवार सकाळ, मल्लेश्वरम. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं, तेव्हा आम्ही सगळे बंगलोरच म्हणायचो. स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या मुक्ताला खाली उतरवलं, गाडी स्टँडला लावली आणि खिशातला चेक एकदा चाचपून बघितला...

मुक्ता माझी मुलगी, तेव्हा पाच वर्षांची. बसवनगुडीत माझं कॉम्प्युटर असेंब्ली आणि रिपेअरिंगचं दुकान होतं. पुण्याहून येऊन चार वर्षं झाली होती, धंद्याने चांगलं बाळसं धरलं होतं आणि आता मल्लेश्वरमला दुसरं दुकान काढायचं मी जवळजवळ नक्की केलं होतं. त्या दिवशी फक्त जागामालकाला ॲडव्हान्स द्यायचा आणि सही करायची, एवढंच काम.

खरं तर मुक्ताला बरोबर न्यायचं नव्हतं. पण बायकोची, शुभाची, बँकेची खात्यांतर्गत परीक्षा नेमकी त्याच दिवशी. आणि शाळेनंतर मुक्ताला रोज सांभाळणाऱ्या शेजारच्या पद्माक्का भाचीच्या लग्नाला तुमकूरला गेलेल्या... म्हटलं, बिस्किटाचा पुडा देऊन एका कोपऱ्यात बसवू.

जागा म्हणजे बंद पडलेली पिठाची गिरणी. मालक रंगण्णा, सत्तरीचे, पांढरीशुभ्र लुंगी नेसलेले, दारातच स्टूल टाकून बसले होते. आतापर्यंतचं सगळं बोलणं एजंटामार्फत हिंदीत झालं होतं आणि नेमका तो एजंटच त्या दिवशी आला नाही.

रंगण्णांना फक्त कन्नड येत होतं. मला 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'सरी' म्हणजे बरं आणि रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापुरते आकडे. माझी गिऱ्हाइकं सगळी इंग्रजी-हिंदीवाली, त्यामुळे कधी अडलंच नव्हतं.

त्यांनी मला आत नेलं. मागच्या भिंतीकडे हात करून बराच वेळ काहीतरी समजावलं. मी आपला मान डोलावत होतो... सरी, सरी, सरी.

तेवढ्यात माझी पँट कोणीतरी ओढली.

"बाबा, सारखं सरी नको म्हणूस. ते सांगतायत, पावसात या भिंतीतून पाणी येतं. तुझे कॉम्प्युटर भिजतील."

मी खाली बघितलं. बिस्किट खात खात मुक्ता रंगण्णांकडे वळली आणि त्यांना काहीतरी विचारलं. एखादा शब्द नाही हं... लांबलचक, वळणावळणाचं, न अडखळता बोललेलं वाक्य. त्यांनी उत्तर दिलं. तिने पुढचा प्रश्न टाकला.

पद्माक्कांकडे राहून ही चार शब्द शिकली असेल, एवढीच माझी कल्पना होती. इथे ती एक हात कमरेवर ठेवून, मान कलती करून, मध्येच "अय्यो!" म्हणत गप्पा मारत होती. आवाजसुद्धा वेगळा होता. मराठीत बोबडी वाटणारी माझी लेक कन्नडमध्ये चांगली मोठी बाई होती.

रंगण्णा हसत होते, तिला उत्तरं देत होते. मी मात्र त्या रिकाम्या गिरणीत दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत उभा... आपल्याच मुलीच्या बोलण्यातलं एक अक्षर कळत नाही, ही काय चीज आहे हे सांगता येणार नाही. चार वर्षांत हिने एक अख्खी भाषा उभी केली होती. आणि मला पत्ता नव्हता.

"काय विचारतायत ते?" मी म्हटलं.

"मला कन्नड कोणी शिकवलं, असं. मी सांगितलं, कोणीच नाही, मला येतंच."

"आणि आत्ता?"

"तुझ्या बाबांना का येत नाही, असं विचारलं त्यांनी. मी सांगितलं, बाबांना वेळ नसतो."

तक्रार नव्हती हो त्यात. इथे मुंग्या आहेत, भिंत गळते, तसंच हेही. सांगून झाल्यावर तिने बिस्किटाचा पुडा रंगण्णांपुढे धरला, त्यांनीही एक घेतलं.

अपराधी वाटलंच, पण ते नंतर. त्या क्षणी मी नुसता थक्क होतो. ही भाषा ज्या दुपारी-संध्याकाळी वाढली, त्यातल्या एकाही वेळी मी घरात नव्हतो. अजून काय काय असेल हिच्याकडे?... आणि दुसरं दुकान उघडल्यावर मला ते कधी कळणार?

मी चेक काढलाच नाही. मुक्तालाच सांगायला लावलं, की बाबा विचार करून कळवतील. रंगण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्हाला गेटपर्यंत सोडायला आले.

त्या रात्री शुभाशी बोललो, सोमवारी एजंटाला नकार कळवला. दुकान एकच ठेवलं, संध्याकाळी सहाला शटर खाली आणि रविवारी बंद. गिऱ्हाईक असलेली दोन मोठी ऑफिसं लगेच दुसऱ्याकडे गेली. माझ्यामागून धंदा सुरू केलेल्या ओळखीच्यांनी तीन-तीन शाखा काढल्या, तेव्हा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू.

पण मशीन उघडून स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्यात मला जी मजा यायची, ती या वेळात परत सापडली. चार माणसांवर देखरेख करणं हा माझा पिंडच नव्हता, हे तेव्हा कळलं. आणि रोज संध्याकाळी सात वाजता माझी कन्नडची शिकवणी असायची. बाई पाच वर्षांच्या, पण फार कडक, उच्चार चुकला की दहादा म्हणून घ्यायच्या.

मुलं आपल्या डोळ्यांदेखत मोठी होतात असं आपण म्हणतो. खरं म्हणजे ती बरीचशी आपल्या पाठीमागेच मोठी होतात... मला वेळेवर मागे वळून बघायला मिळालं, एवढ्यासाठी आजही मनोमन हात जोडतो.