आत्याने छापलेली तारीख

आत्याला ऑफिसात सगळे मागून ‘तोफ’ म्हणायचे आणि तिला ते ठाऊक होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात ती प्रोग्रामर. पेशंटला पुढच्या भेटीची चिठ्ठी मिळायची ती तिच्याच प्रोग्राममधून छापून येई. त्याला कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. घरीही तोच खाक्या. ‘येईन कधीतरी’ म्हटलं की ही डाफरायची, “वार सांग, वेळ सांग. मोघम नको!”

माझे बाबा शिंपी, तिचे थोरले भाऊ. सुई ओवताना ते डावा डोळा मिटून उजव्याने बघायचे. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली तेव्हा तिनेच त्यांना तिथे नेलं. महिन्याला एक इंजेक्शन. डॉक्टरांनी बजावलं होतं, चुकवलंत तर गेलेली नजर परत येणार नाही. बाबा प्रत्येक चिठ्ठी शिलाई मशीनवरच्या खिळ्याला टोचून ठेवायचे.

मार्चमध्ये आत्या लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि त्याच वेळी दवाखान्याच्या साहेबांना नवं संगणकयंत्र बसवायची घाई सुटली. तिला न विचारता, न सांगता तिचा प्रोग्राम उचलून त्यांनी त्यावर टाकला. नंतर बाबांना चिठ्ठी मिळाली, ०४/०५. बाबा खूश. “या वेळी थेट मेमध्ये बोलावलंय. म्हणजे डोळा सुधारतोय!” चार मेला आम्ही काउंटरवर उभे राहिलो. तिथली बाई म्हणाली, “तुमचा नंबर पाच एप्रिललाच होता, काका.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुकतीच कामावर परतलेली आत्या धावत खाली आली, चिठ्ठी पाहिली आणि पांढरीफटक पडली. नव्या यंत्रावर महिना आधी छापला जात होता आणि दिवस नंतर.

“आणि इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही?” ती ओरडली.

“आलं की,” काउंटरवरची बाई म्हणाली. “बारानंतरची तारीख असली की वेडंवाकडं दिसायचं. ते आम्ही पेनाने नीट करून द्यायचो.”

म्हणजे वीस तारीखवाल्यांची चिठ्ठी दुरुस्त आणि पाच तारीखवाले वाऱ्यावर! त्यांची चिठ्ठी दिसायला बरोबर होती ना, मग कोण कशाला बघतंय? आणि साहेब? त्यांनी सरळ हात वर केले. “पेशंटने एक फोन करून खात्री करायला हवी होती.” मी त्यांची गचांडीच धरणार होते. बाबांनी माझा दंड घट्ट पकडला.

पण आत्या साहेबांवर कडाडली नाही, याचंच मला नवल वाटलं. जिन्यात गाठून मी तिला विचारलं, “यंत्र बदललं म्हणून तारीख कशी उलटी होते?”

“दिवस आधी की महिना, हे मी लिहिलंच नव्हतं. यंत्राची जी पद्धत असेल ती घे, असं सांगून ठेवलं होतं. माझ्या यंत्रावर बरोबर यायचं.”

“का नाही लिहिलंस?”

“सोपं पडलं.”

जगाला मोघम नको म्हणणारी ही बाई! साहेबांचा राग आला त्याहून जास्त मला तिचा आला आणि मी तो गिळला नाही. तोंडाला येईल ते बोलले.

त्याच दुपारी तिने प्रोग्राम बदलला. वार, तारीख, अक्षरात महिना, सकाळ की संध्याकाळ, सगळं ठसठशीत. कागद जास्त लागेल म्हणून साहेब कुरकुरले. “लागू दे!” ही आरोळी मात्र तीन मजले ऐकू गेली.

नवी पहिली चिठ्ठी बाबांची निघाली. इंजेक्शन झालं होतं, पण डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची आशा सोडायला सांगितलं होतं. तिने चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली. “बघ दादा, आता चुकायचं कामच नाही.”

बाबांनी सवयीने डावा डोळा मिटला आणि उजव्याने वाचायला गेले. चिठ्ठी लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब नेली.

“काय लिहिलंयस गं?” त्यांनी विचारलं.