लटारूभाऊंचे चार तास

नीलिमा गुरनुले नेमकं करते काय, हे मूल गावात कुणालाच धड सांगता येत नाही. कुणी तिला वकील समजतं, कुणी जमिनीची दलाल. तिची सासू तर पाहुण्यांना खुशाल सांगते, "लोकायचे चालते धंदे बंद पाडते आमची सून." काम खरं उलटं आहे. मालक थकला की त्याची राईस मिल, गॅरेज किंवा खानावळ कुणाच्या हाती द्यायची, विकायची की नीट आटपायची, हे ती दोन-तीन वर्षं आधीपासून सोबत बसून ठरवून देते. मालक गेल्यावर पोरं भांडतात आणि शटरला कुलूप लागतं. ते लागू नये, एवढीच तिची खटपट. या कामाचं प्रमाणपत्र असलेली चंद्रपूर-गडचिरोलीकडे ती एकटीच.

प्रमाणपत्र मात्र दरवर्षी जगवावं लागतं. सल्लागारांची एक संस्था आहे, तिची शाखा नागपुरात. वर्षाला वीस तासांचा अभ्यास दाखवायचा, नाहीतर एकतीस मार्चला यादीतून नाव गेलं. अभ्यास म्हणजे हॉटेलातल्या गारेगार खोलीत पडद्यावरची व्याख्यानं, आणि मधल्या चहाला एकमेकांच्या ओळखी. नीलिमा सकाळची पहिली एसटी धरून जायची. मूलची म्हटलं की समोरचा हमखास विचारायचा, "वाघ दिसतात का हो तिकडे?" आणि तिचं कार्ड न वाचताच खिशात टाकायचा. दोन वर्षं ती हसली. तिसऱ्या वर्षी म्हणाली, "दिसतात. राईस मिलही दिसतात. त्यांचं विचारा ना कधी." त्यानंतर चहाच्या टेबलावर तिच्याभोवतीची गर्दी कमी झाली, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

वाईट वाटलं ते गुणवंतराव बोरकुट्यांच्या मिलचं. सत्तरी ओलांडलेल्या गुणवंतरावांनी मिल विकायचं ठरवलं, तेव्हा नीलिमाने अशी फाईल केली की नागपूरकरांनी टाळ्या वाजवल्या. यंत्रं, जागा, विजेची जोडणी, गिऱ्हाइकांची गावं, सगळं आलं. कामगारांसाठी एक ओळ होती. 'कामगार : चार'. त्या चारांतले एक लटारू मोहुर्ले, छत्तीस वर्षं त्या मिलचे मिस्त्री. नव्या मालकाने आपला माणूस आणला आणि लटारूभाऊंना हात जोडून घरी पाठवलं. फाईलमध्ये त्यांचं नावच नव्हतं, मग अडवणार कोण?

मग लवकर पिकणारं हलकं धान निघालं आणि नवं खायचे दिवस आले. इकडच्या झाडीपट्टीत पहिलं धान घरात आलं की त्याचा मान आधी देवाचा आणि पितरांचा. तो नैवेद्य दाखवल्याशिवाय नवा तांदूळ कुणी तोंडात घालत नाही, आणि नैवेद्याला दाणा अख्खा लागतो. त्या दिवसांत घरोघरची माणसं पायली-दोन पायली धान घेऊन मिलवर येतात. हे धान ओलसर असतं. लटारूभाऊ एक दाणा दाताखाली धरायचे, यंत्राचा रोल जरासा सैल करायचे आणि कान देऊन आवाज ऐकायचे. मोठी पोती त्या दिवशी बाजूला. नव्या माणसाने सगळ्यांचं धान एकाच मापाने भरडून काढलं. जंगलातल्या गावाहून आलेला सुकलू आपल्या दुपट्ट्यातल्या कनकीकडे, तुकडा झालेल्या तांदळाकडे बघत पायरीवर बसला. "हे देवापुढं कसं ठेवू?" एवढंच म्हणाला. भांडला नाही. पण पुन्हा आलाही नाही, आणि त्याच्यामागे तेरा गावं गेली. दिवाळीपर्यंत नवा मालक मिल परत करून मोकळा झाला. तशी सोय करारात होती, आणि ती नीलिमानेच करून ठेवली होती. गुणवंतराव पुन्हा गादीवर बसले आणि त्यांनी पहिला निरोप लटारूभाऊंना धाडला.

नीलिमाला त्या दिवशी तोंड दाखवायची लाज वाटली. तरी ती गेली, मिलच्या अंगणात लटारूभाऊंसमोर बसली आणि म्हणाली, "भाऊ, मले शिकवा."

तिथून तिची बैठक सुरू झाली. दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, मिलच्याच अंगणात. मूलचा हिशेबनीस येतो, चंद्रपूरची एक वकीलबाई येते, गॅरेज विकायला काढलेला भद्रावतीचा अंकुश येतो. घुग्घुसला आपली खानावळ स्वयंपाकिणीच्या हाती सोपवलेल्या गुणाबाईही येतात. मालक गेल्यावर धंदा नेमका कुणाच्या हातावर चालतो, हे कसं ओळखायचं, यावर लटारूभाऊ वर्षात चार तास बोलले, तेही दर वेळी बोलावून पुढच्या खुर्चीवर बसवल्यावर. नीलिमाने वहीभर उतरवून घेतलं. गारेगार खोलीत तिला एवढं कधी मिळालं नव्हतं.

वर्षाचे सोळा तास नागपूरचे झाले होते. उरलेल्या चार तासांसाठी तिने या बैठकीचा अर्ज भरला. व्याख्याते : लटारू मोहुर्ले. शिक्षण : सातवी. अनुभव : छत्तीस वर्षं. अर्ज आठ दिवसांत परत आला, नावाखाली लाल रेघ मारून. पाठोपाठ शाखेचे सचिव प्रवीण यांचा फोन.

"मॅडम, मिस्त्रीच्या जागी माझं नाव टाका. मी सही करतो, चार तास मंजूर होतील. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"तुम्ही तर आला नव्हता."

"कोण बघायला येतंय मूलला?"

हे त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं होतं, म्हणूनच ते जास्त झोंबलं. यादीतून नाव गेलं की अंकुशच्या गॅरेजचं काम हातचं जाणार होतं. गॅरेज घेणाऱ्याच्या बँकेला प्रमाणपत्रवाल्याचीच सही हवी होती. नीलिमाने हे सगळं मनात फिरवून पाहिलं आणि तोच अर्ज, तेच नाव, पुन्हा पाठवला. खाली एक ओळ वाढवली. 'या बैठकीत माझ्या स्वतःच्या चुकीचा अभ्यास झाला. मिल विकताना मी मिस्त्रीला मोजलं नाही.'

एक एप्रिलला संस्थेच्या यादीत तिचं नाव नव्हतं. अंकुशने नागपूरचा दुसरा सल्लागार गाठला. नाइलाजाने गाठला, पण गाठला.

पुढच्या बुधवारी ती अंगणात खुर्च्या मांडत होती, तेव्हा लटारूभाऊ हात पुसत बाहेर आले. त्यांना कळलं होतं.

"बाई, माह्या नावापायी तुमचं सर्टिफिकेट काऊन जाऊ देल्लं? लिवायचं होतं त्या साहेबाचं नाव. मले काय फरक पडते?"

"मागच्या खेपेले म्या तुमचं नाव कागदावर लिवलं नाई, भाऊ. मिल बुडायले आली," नीलिमा म्हणाली. "आता लिवलं आहे. ते मी खोडत नाई."

लटारूभाऊंनी आत जाऊन मिल बंद केली, आणि पहिल्यांदाच, सांगावं न लागता, पुढच्या खुर्चीवर येऊन बसले.