लेसवरचं कुंकू
डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला बुलढाण्यातली लग्नानंतरची पहिली संक्रांत आठवते. त्या थंडीत मी सासूबाईंसाठी डोक्यावरून गळ्यात घालायचा गोल मफलर विणला होता आणि त्याच्या काठाला, तोरणाला करतात तशी, पांढऱ्या सुती दोऱ्याची क्रोशाची लेस लावली होती. लोकर ताणली जाते, सूत ताणलं जात नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसमोर त्यांनी तो कौतुकानं डोक्यात घातला आणि लेस अंबाड्याशी अडकली. चेहरा लोकरीत बुडालेला पाहून बाया हसायला लागल्या. मी घाईघाईनं मफलर ओढून काढला, तर कपाळावरचं ताजं कुंकू पुसलं गेलेलं. "अवं माय, कुंकूच पुसलं!" शेजारीण म्हणाली. मला कुठं तोंड लपवावं कळेना. सासूबाईंनी करंडा माझ्यापुढे धरला. "पुसलं त लावता येते. लाव, तूच लाव." मी घाईत चिमूट जास्तच भरली आणि कुंकू त्यांच्या नाकावर सांडलं. सासूबाई बायांकडे वळल्या. "पाह्यलं काय? नाकावर पडलं! नाकावर कुंकू पडलं त नवऱ्याचा जीव असते म्हणतेत. लय जीव हाये बुढ्याचा माह्यावर." बाया पुन्हा हसल्या, मी मात्र वर पाहिलं नाही. लेसवरचा लाल डाग अजून आहे, आणि पेटीतून मफलर काढला की आजही माझी मान आपोआप खाली जाते.