चौदा देवळं आणि दहा किलोमीटर

सुलूमावशींबरोबर धावायला पायांत जोर नसला तरी चालतं, पण अंगात सहनशक्ती लागते. माझ्याकडे ती जन्मापासून कमी आहे. घरचे मला मृण्मयी म्हणून हाक मारतात आणि माझी पाठ वळली की तिखट म्हणतात, तेव्हा मावशींबरोबर मी दीड वर्ष टिकले हे मोठंच आश्चर्य आहे.

मावशी उज्जैनच्या माधव नगरात आमच्या शेजारी राहतात. वय एकसष्ट. बत्तीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या रिझर्व्हेशनच्या खिडकीमागे बसून काढली आणि रिटायर झाल्या त्याच वर्षी शुगर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मावशी चार दिवस चालल्या आणि पाचव्या दिवशी धावायला लागल्या.

"चालताना दिमागात फालतू विचार येत राहतात गं," त्या मला म्हणाल्या, "धावताना श्वास घेण्यातच सगळा टाइम जातो."

त्यांच्यामागे मी लागले, माझ्यामागे कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचा श्रीकांत लागला. सहा महिन्यांत मावशींची शुगर उतरली. श्रीकांतच्या पोटाचा घेर कमी झाला. मला रात्री झोप येऊ लागली आणि ऑफिसात मी कोणावर ओरडेनाशी झाले. एकसष्ट, बावन्न आणि चौतीस वयाची तीन माणसं रोज पहाटे कोठी रोडवर भेटत आणि नंतर देवास गेटला पोहे-जिलबी खात. एकमेकांच्या घरात काय शिजतंय इथपासून कोणाचं कोणाशी बिनसलंय इथपर्यंत आम्हाला सगळं ठाऊक होतं. जिलबी मावशी आमच्या ताटातली खात, स्वतः मागवत नसत.

अडचण एकच होती. देऊळ दिसलं की मावशी थांबत. आता उज्जैनमध्ये देऊळ दिसत नाही अशी जागा शोधून दाखवा! बरं, नुसतं थांबून भागत नसे. खाली वाकायचं, नाडी सोडायची, बूट काढायचे, डोळे मिटून हात जोडायचे, मग पुन्हा बूट, पुन्हा नाडी. आमच्या रस्त्यावर लहानमोठी मिळून चौदा देवळं होती. शेवटी मी वैतागून त्यांना नाडीऐवजी पट्टीचे बूट आणून दिले. त्यांनी खूप आशीर्वाद दिले आणि त्या डोळे आणखी जास्त वेळ मिटून उभ्या राहायला लागल्या.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण ऑक्टोबरात रजनीमावशींनी अट घातली.

रजनीमावशी म्हणजे सुलूमावशींची पहिलीपासूनची मैत्रीण. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली, खणखणीत आवाजाची बाई. दीड वर्षापूर्वी यजमान गेले आणि त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. खिडक्यांचे पडदेसुद्धा उघडत नसत. मुलगा ओंकार पुण्याहून फोन करून थकला. सुलूमावशी रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्यापाशी बसत आणि रोज म्हणत, "चल ना, कोठी रोडवर नुसती उभी राहा."

एक दिवस रजनीमावशी चिडल्या. "जानेवारीत ती दहा किलोमीटरची दौड असते ना? त्यात मेडल आण. मग येते तुझ्या कोठी रोडला."

बोलण्याचा अर्थ सरळ होता, की आता गप्प बस. सुलूमावशींनी मात्र दुसऱ्याच दिवशी फॉर्म भरला, माझा नि श्रीकांतचाही भरून टाकला. "रजनी बोलली म्हणजे बोलली. ती पलटत नाही."

मेडल दीड तासाच्या आत पोचणाऱ्यालाच मिळणार होतं. दौडीचा रस्ता आमचाच होता, आणि देवळांसकट मावशींना त्याला एक तास पन्नास मिनिटं लागत. मी समजावलं, भांडले, एकदा तर रस्त्यातच पाय आपटले. त्यांचं एकच, "देवासमोरून असं तोंड फिरवून थोडीच जाता येतं?"

दौडीच्या आदल्या दिवशी दुपारी मावशींनी ऑटो बोलावली आणि मलाही आत कोंबलं. ओळीनं चौदाही देवळं केली. प्रत्येक ठिकाणी हात जोडून मोठ्यानं म्हणायच्या, "उद्या सकाळी इथून जाईन. थांबणार नाही. रजनीचं काम आहे, राग धरू नका."

नवव्या देवळाशी ऑटोवाल्यानं विचारलं, "माताजी, कोई मन्नत है क्या?"

"नहीं भैया, छुट्टी की अर्जी है."

मी इतकी हसले की उचकी लागली. पण मावशी हसत नव्हत्या. चौदाव्या देवळापुढे त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ह्या बाईला उद्याची किती भीती वाटतेय.

दौड सात वाजता सुटली. थंडीनं नाक गळत होतं. मावशी एका लयीत धावत होत्या, देऊळ आलं की छातीला हात लावायचा आणि पुढे. मला मात्र खुमखुमी. आज मावशींच्या आधी पोचून टाळ्या वाजवायच्या म्हणून मी सुसाट निघाले. आठव्या किलोमीटरला पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्याच्या कडेला बसकणच मारली.

मागून मावशी आल्या आणि थांबल्या.

"मावशी, तुम्ही जा!" मी किंचाळले. "वेळ आहे अजून, जा!"

"चूप बस. पाय सरळ कर."

त्यांनी माझी पोटरी चोळली, पायाचा अंगठा मागे दाबून धरला, कोणाकडून तरी मीठ-पाणी मागून आणलं. मी रडत होते, दुखण्यानं कमी आणि संतापानं जास्त. मग माझा हात खांद्यावर घेऊन त्या चालायला लागल्या. एक तास सदतीस मिनिटांनी आम्ही पोचलो तेव्हा मेडलचं टेबल उचलत होते.

श्रीकांत तिथेच उभा होता. त्यानं आपल्या गळ्यातलं मेडल काढून पुढे धरलं. "सुलूताई, हे दाखवा. कोणाला काय कळतंय?"

"रजनीला दाखवू? पहिलीपासून तिच्याशी खोटं नाही बोलले मी."

तशाच घामेजलेल्या आम्ही रजनीमावशींच्या घरी गेलो. मी लंगडत होते. पडदे ओढलेले, ट्यूबलाइट चालू. त्यांनी मावशींच्या गळ्याकडे पाहिलं.

"किती?"

"एक सदतीस. नाही मिळालं."

मला राहवेना, मीच सगळं सांगून टाकलं. पोटरी, मीठ-पाणी, सगळं. आणि म्हणाले, "माझ्यामुळे झालं. तुम्ही त्यांना हरलेलं धरू नका."

रजनीमावशींनी माझं बोलणं ऐकलं की नाही कोण जाणे. त्या सुलूमावशींकडेच बघत होत्या.

"दीड वर्ष रोज माझ्यापाशी येऊन बसतेस. आज हिच्यापाशी बसलीस. सुले, तू स्वतः कधी पुढे जाणार आहेस?"

"एकटी पुढे जाऊन काय करू गं?" सुलूमावशी म्हणाल्या.

रजनीमावशींनी पदरानं डोळे पुसले, नाक ओढलं, आणि जुन्या खणखणीत आवाजात विचारलं, "उद्या किती वाजता निघता?"

"साडेपाच."

"मी धावणार-बिवणार नाही. आरामात चालेन."

"चाल."

"आणि पुढच्या वर्षी ही पोरगी लंगडली तर हिच्याजवळ मी थांबीन. तू बिलकुल थांबायचं नाहीस."