ब्रॅकनेलमधलं चिनी पुस्तक

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला नवीन आले तेव्हा ऑफिस सोडून कुणाशी बोलणंच होत नसे, म्हणून लायब्ररीतल्या वाचनगटात जाऊ लागले. तिथे एक निवृत्त चिनी शिक्षिका यायच्या. मनातल्या मनात मी त्यांना काकू म्हणायचे. फ्लास्कमधला चहा त्या न विचारता माझ्यापुढे सरकवायच्या.

एकदा एका चिनी लेखकाला मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि आम्ही त्याची चीनमधल्या जुन्या दुष्काळावरची कादंबरी वाचायला घेतली. गटात हाँगकाँगहून आलेला एक तरुण इंजिनिअर होता. त्याने पुस्तक उघडलंच नाही.

"तिकडे लेखक तुरुंगात आहेत आणि हा सरकारी संस्थेत पदावर बसून गप्प आहे," तो म्हणाला. "याला पुरस्कार कसला देता?"

"यातली भूक मी पाहिलीय," काकू म्हणाल्या. "त्याने ती लिहिली. तेवढं तरी वाच."

"कुणामुळे उपाशी राहिलात, ते लिहिलंय?"

काकू फ्लास्क उचलून निघून गेल्या. पुढच्या बैठकीला आल्या नाहीत.

मला पुण्याचं घर आठवत राहिलं. एका कवीने सरकारी पुरस्कार घेतला म्हणून बाबा आणि त्यांचे जिवलग मित्र असेच भांडले होते. आईने ठेवलेले पोहे तसेच गार झाले. ते काका पुन्हा आमच्याकडे आले, ते बाबा गेल्यावरच.

मी इंजिनिअरला फोन केला. "माझ्याबरोबर त्यांच्याकडे चल."

तो आला. दारातच म्हणाला, "माझं मत बदललेलं नाही. पण तुम्हाला दुखवायचं नव्हतं."

"मत राहू दे," काकू म्हणाल्या. "बूट काढ."

स्वयंपाकघरात त्यांनी मूळ चिनी पुस्तक काढलं. एक ओळ त्या त्यांच्या उच्चारात वाचत, तीच तो हाँगकाँगच्या कँटोनीजमध्ये. अक्षरं तीच, पण कानाला दोन वेगळ्या भाषा. दोघंही हसू लागले, आणि पान संपताच पुन्हा पुरस्कारावरून वाद सुरू झाला. मी काकूंनी वाफवलेले डंपलिंग खात ऐकत बसले. इथे आल्यापासून इतकं घरच्यासारखं मला कुठेच वाटलं नव्हतं.

पुस्तक त्याने पुढे पूर्ण वाचलं. आवडलं म्हणाला, राग मात्र गेला नाही. काकू नंतर मुलीकडे मँचेस्टरला राहायला गेल्या. त्यांच्या घरावरून जाताना अजूनही माझी पावलं जरा हळू होतात.