अडणारी काडतुसं

काडतूस अडतंय म्हणजे कुठेतरी धातू जास्त आहे, बस. त्यात नशीब नसतं, नजर लागलेली नसते आणि वरच्याचा इशारा तर मुळीच नसतो. हे मी म्हाताऱ्याला परोपरीने सांगून पाहिलं. पण त्याचं आपलं एकच पालुपद, देवालाच मी जायला नकोय.

दुबईबाहेर वाळवंटाच्या कडेला एक नेमबाजीचा क्लब आहे. तिथे मी बंदुकांची देखभाल करतो. मूळचा पुण्याच्या टूलरूममधला माणूस, केसाएवढा फरक पडला तरी जेवण गोड न लागणारा. म्हातारा आमचा जुना सभासद, इथलाच अरब. त्याच्या पिढीची माणसं हिंदी आपल्यापेक्षा बरी बोलतात. मी त्याला अरबाब म्हणायचो, म्हणजे मालक. तो मला मोहंदिस म्हणायचा, म्हणजे इंजिनियर. दर थंडीत तो आणि त्याचा धाकटा भाऊ परदेशी शिकारीला जायचे, आणि काडतुसं क्लबाच्या खोलीत, रीतसर परवान्यावर, स्वतःच्या हातांनी भरायचे. उडालेली पितळी पुंगळी साफ करायची, नीट करायची, पुन्हा भरायची. यंदा उन्हाळ्याआधी भाऊ वारला. आता म्हातारा पहिल्यांदाच एकटा निघणार होता, आणि नेमकी त्याची काडतुसं रायफलीत बसेनात. चार धडपणे जायची, पाचव्याला बोल्टचा, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणाऱ्या खिट्टीचा, दांडा खाली यायचा नाही. विकतची घ्या म्हटलं, तर हाताने भरलेल्याशिवाय उडवत नाही म्हणाला. ही चालली नाहीत तर जाणंच रद्द, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

अडलेलं माझंही होतं. अजून दोन वर्षं राहणार का, असं मॅनेजरने विचारलं होतं आणि मी उत्तर टाळत होतो. मुलीच्या कॉलेजसाठी बायको तिला घेऊन पुण्याला गेली, तेव्हा मी आमचं मोठं घर सोडलं आणि दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात एका खोलीत आलो. शनिवार-रविवार अक्षरशः अंगावर येतात. कुणाशी बोलावं म्हणून उगाच सुपरमार्केटमध्ये जाऊन कांद्याचा भाव विचारतो, मनातल्या मनात रुपये करतो आणि न घेता परततो. पण गेल्या सुट्टीत घरी गेलो तर तिथेही तेच. हॉलमध्ये बायकोचे ट्यूशन क्लास चालतात, म्हणून मी आतल्या खोलीत दार लावून बसलेला, पाहुण्यासारखा. मुलीला काही सांगायला गेलो की ती म्हणायची, बाबा, चिल. तिघांनाही माझ्या परतीच्या तारखेचा दिलासा वाटत होता, मलासुद्धा. त्यापेक्षा इथेच बरं, असं मन घेत चाललं होतं.

तर म्हाताऱ्याची काडतुसं. भरलेली बाजूला ठेवली, कारण अडलेलं जिवंत काडतूस रेटत बसणं हा मूर्खपणा आहे. डब्यातल्या नीट केलेल्या पण रिकाम्या पुंगळ्या घेतल्या आणि बोल्टमधली बार उडवणारी पिन काढून ठेवली. पहिला संशय गोळीवर होता. गोळी फार बाहेर राहिली की ती आत नळीच्या सुरुवातीला टेकते. पण रिकामी पुंगळीही अडत होती, म्हणजे दोष गोळीचा नव्हता. मग लांबी मोजली, ती चोख. पुंगळीच्या मानेची जाडी मोजली, तीही चोख. म्हातारा शेजारी स्टुलावर बसून सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा, पीत होता आणि यल्ला, छोड़ो, असं पुटपुटत होता. मला असला राग येतो ना, मी काम करत असताना कुणी निराश बसलं की!

शेवटी एक अडणारी पुंगळी काळ्या मार्करने रंगवली, चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या घरात, घातली, बोल्ट लागेल तेवढा लावला आणि बाहेर काढली. पुंगळीचा खांदा, म्हणजे जाड अंग मानेकडे निमुळतं होतं ती जागा, तिथला रंग खरवडून निघाला होता. खांदा पुढे आलेला. आता पुंगळी उडते तेव्हा फुगते आणि ज्या बंदुकीत उडाली तिच्या मापाची होऊन बसते. म्हातारा पुंगळीची फक्त मान आवळायचा, बाकी अंग तसंच ठेवायचा. त्यात चूक काही नाही, जोवर बंदूक तीच आहे तोवर.

मी विचारलं, या सगळ्या याच रायफलीतल्या ना? म्हाताऱ्याने सुलेमानीचा पेला खाली ठेवला.

दोघा भावांनी एका दिवशी, एकाच कंपनीच्या, जुळ्या रायफली घेतलेल्या. घर एक, गाडी एक, पण पुंगळ्यांचे डबे मात्र वेगळे, कारण धाकटा त्या बाबतीत भलता कडक होता. चुकून एक जरी इकडची तिकडे गेली तरी भांडायचा. आणि दुखवट्याचे दिवस संपल्यावर म्हाताऱ्याने भावाचा डबा उचलून सरळ आपल्या डब्यात ओतला होता.

"उसका डिब्बा अकेला पड़ा था," तो म्हणाला.

मी त्याला झापायच्या तयारीत होतो. जुळ्या झाल्या म्हणून काय झालं, दोन चेंबर कधी सारखे नसतात, वगैरे. पण ते राहू दिलं. उठून लॉकरमधून भावाची रायफल आणली आणि तिचीही पिन काढली. तीच अडणारी पुंगळी आत गेली. एका बोटाने बोल्ट बंद झाला.

मग मी त्याला सांगितलं, काही अवघड नाही. डाय, म्हणजे पुंगळी दाबायचा साचा, जरा खाली घेतो, सगळे खांदे केसभर मागे ढकलतो, तुमच्या रायफलीत बिनबोभाट जातील. म्हणजे मग त्या भावाच्या मापाच्या राहणार नाहीत का, असं त्याने विचारलं. नाही राहणार, मी म्हटलं. तो बराच वेळ हातातली पुंगळी फिरवत राहिला. मग नकारार्थी मान हलवली आणि भावाची रायफल खांद्याला लावली.

भाऊ उंच होता. रायफलीचा लाकडी दस्ता लांब पडत होता, म्हाताऱ्याचा डोळा दुर्बिणीपर्यंत पोहोचेना. मला हुरूप आला, निदान हे तरी माझ्या हातचं काम. म्हटलं ठेवून जा, दस्ता बोटभर कापून तुमच्या मापाचा करून देतो.

"लकड़ी मत काटो, मोहंदिस," तो म्हणाला. "मैं आगे सरक जाऊँगा."

आणि खरंच, मान पुढे काढून, खांदा रेटून तो सराव करत बसला. दुखत होतं, दिसत होतं मला. नंतर परवाना नावावर करून घेऊन, तीच रायफल आणि भावाच्या पुंगळ्यांची काडतुसं घेऊन तो शिकारीला गेला.

तो सराव करत बसला त्याच संध्याकाळी खोलीवर आल्या आल्या मी पुण्याला फोन लावला. बायकोने नेहमीसारखं विचारलं, जेवलात का, सुट्टी कधी मिळतेय. म्हटलं, सुट्टी नाही, मॅनेजरला नकार कळवणार आहे, कायमचा येतोय.

"मला एकटीची सवय झालीय हो आता," ती म्हणाली.

"माहितेय," मी म्हटलं. "तरी येतो. मी सरकून घेईन."